‘जपून जा’ म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न : आमच्या घरासमोरच्या रस्त्याला फुटपाथ नाही. सासरे 71 वर्षांचे. रोज पहाटे अंधारातच फिरायला निघतात आणि गाड्या पाठीमागून येतील अशा बाजूने चालतात. ‘दुसऱ्या कडेने चाला’ म्हटलं की ‘सगळी दुनिया ज्या बाजूने जाते, त्याच बाजूने मीही जाणार’ असं उत्तर मिळतं. मी हल्ली सायकलने कामावर जायला लागले आहे. अगदी कडेला चिकटून चालवते, तरी परवा चौकात वळणाऱ्या एका ट्रकने मला जवळजवळ कठड्यावर दाबलं. त्यात आता दहा वर्षांचा मुलगा म्हणतो, मलाही शाळेत सायकलने जायचंय. निघताना घरात प्रत्येक जण प्रत्येकाला ‘जपून जा’ म्हणतो. पण जपून म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणीच सांगत नाही. तुम्ही सांगाल का?

उत्तर : ‘जपून जा’मध्ये माया भरपूर असते आणि माहिती शून्य, हे तुम्ही बरोबर पकडलंत. रस्त्यावर जपायची गोष्ट खरं तर एकच आहे, ती म्हणजे वेळ. तुम्ही चालकाला दिसायला, तुम्ही काय करणार हे त्याला कळायला आणि त्याचा पाय ब्रेकवर जायला जो वेळ लागतो, तो त्याला मिळाला पाहिजे. आणि त्याला नाहीच मिळाला, तर बाजूला व्हायला तुम्हाला तरी मिळाला पाहिजे. तुमच्या घरातल्या तिघांनाही मी जे सांगणार आहे, ते सगळं या एका हिशोबातून निघतं.

तेव्हा हिशोबच आधी पाहू. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर पुढे येते. काहीतरी दिसलं, ते माणूस आहे हे कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे 20 मीटर गाडी तशीच येते, मग ब्रेक लागतात, आणि कोरड्या रस्त्यावर आणखी 14-15 मीटर घसटत ती थांबते. एकूण 35 मीटर. रस्ता ओला असेल तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर साधारण दुप्पट धरा. हीच गाडी ताशी 30 ने येत असेल, तर 17-18 मीटरमध्ये थांबते. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. 30 ची गाडी ज्या जागी थांबलेली असते, त्या जागी 50 ची गाडी अजून पूर्ण वेगात असते, कारण चालकाचा पाय ब्रेकपर्यंत पोचलेलाही नसतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीचा वेग 50 वरून 65 वर गेला, तर समोरून धडक बसलेला पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो. वेगावर तुमचा ताबा नाही, मान्य. पण कुठल्या रस्त्याने जायचं, यावर आहे. दहा मिनिटं जास्त लागणारा पण संथ वाहतुकीचा आतला रस्ता मिळत असेल, तर तुमच्या तिघांसाठीही ती सगळ्यात मोठी खबरदारी आहे. हेल्मेटपेक्षाही मोठी.

आता सासऱ्यांकडे वळू. त्यांचे कान सोनारानेच टोचावेत, ही तुमच्या पत्रातली छुपी इच्छा मला दिसली. तर आजोबा, दुनिया ज्या बाजूने जाते त्या बाजूने जायचं, हा नियम चाकावर जाणाऱ्यांचा आहे. फुटपाथ नसेल तर पायी माणसाने वाहनांकडे तोंड करून, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या कडेने चालायचं. रस्ते वाहतुकीविषयीचा 1968 चा व्हिएन्ना करार आहे, बरेच देश तो मानतात, त्यातही पादचाऱ्याने वाहतुकीच्या उलट बाजूने चालावं असंच म्हटलंय. कारण सोपं आहे. पाठीमागून येणाऱ्या गाडीचा चालक पेंगतोय की मोबाइल बघतोय, हे तुम्हाला ती अंगावर येईपर्यंत कळणार नाही. समोरून येणारी गाडी कडेला सरकायला लागली तर ते लांबूनच दिसतं आणि दोन पावलं बाजूला व्हायला वेळ मिळतो. आणि हल्लीच्या विजेवरच्या गाड्या कमी वेगात इतक्या गुपचूप येतात की कानांवर विसंबून चालणं आता जमायचं नाही. युरोपीय संघाने तर जुलै 2021 पासून अशा प्रत्येक नव्या गाडीला, ती हळू चालत असताना मुद्दाम आवाज करायची सक्ती केली आहे.

याला अपवाद एक. समोर आंधळं वळण असेल आणि आपण त्या वळणाच्या आतल्या कडेला असू, तर समोरचा चालक आपल्याला शेवटच्या क्षणापर्यंत पाहू शकत नाही. तिथे वळणाच्या बऱ्याच आधी, सरळ भागातच, रस्ता ओलांडून बाहेरच्या कडेला जावं आणि वळण संपल्यावर परत यावं. चढाच्या माथ्यावरही तेच. आणि फिरायला मित्रमंडळी सोबत असतील तर अशा जागी एकामागे एक चालावं, गप्पा थोडा वेळ थांबल्या तरी चालतील.

पण बाजूपेक्षाही मला काळजी वाटते ती त्यांच्या अंधाराची. अंधारात चालणाऱ्याला समोरच्या दिव्यांनी डोळे दिपेपर्यंत उजेड दिसत असतो. साहजिकच त्याला वाटतं, ‘मला हा एवढा दिसतोय, म्हणजे त्यालाही मी दिसतच असणार.’ या एका समजुतीने फार घात होतो. गाडीचे दिवे लो बीमवर असतील तर त्यांचा झोत खाली, रस्त्याकडे वळवलेला असतो. गडद कपड्यांतला माणूस त्या उजेडात साधारण 30 मीटरच्या आत आल्यावरच ओळखू येतो. थांबायला लागणारं अंतर किती होतं, आठवतंय ना? 35.

पांढरा सदरा बरा, पण पुरेसा नाही. ते झगझगीत पोपटी जॅकेटही रात्री फारसं कामाचं नाही, कारण त्याचा भडकपणा उन्हातल्या अतिनील किरणांवर पोसलेला असतो. दिवसा आणि तिन्हीसांजेला त्याचा उपयोग खरा. अंधारात लागते ती परावर्तक पट्टी, म्हणजे पडलेला प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवणारी. आणि ती बांधायची घोट्यांवर. एक तर खाली वळलेला झोत आधी पायांवर पडतो. आणि दुसरं, छातीवरची पट्टी चालकाला नुसतीच चकाकती दिसते, ती खांबाची की कचऱ्याच्या पेटीची, हे कळत नाही. घोट्यांवरचे दोन ठिपके मात्र आलटून पालटून पुढेमागे होतात आणि बघणाऱ्याच्या मेंदूला क्षणात कळतं की हा चालणारा माणूस आहे. गुडघ्यांवर आणि मनगटांवरही बांधल्या तर सोन्याहून पिवळं. फिनलंडने तर अंधारात चालताना अंगावर रिफ्लेक्टर बाळगणं कायद्यातच लिहिलं होतं, तेव्हा ही काही भित्र्या सुनेची कल्पना नव्हे, असं सासऱ्यांना खुशाल सांगा. हातात बॅटरी असावी, झोत जमिनीकडे. येणाऱ्याच्या डोळ्यांवर मारली तर त्याला तेवढंही दिसणार नाही.

उजाडल्यावर एक वेगळीच अडचण असते आणि ती ओळखायची युक्ती फार थोड्यांना माहीत असते. सूर्य नुकता वर आला की आपल्या सावलीकडे बघायचं. सावली आपल्यापुढे लांबच लांब पडली असेल, तर समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत ऊन जातंय. त्याच्या काचेवर धूळ असेल तर त्याला पुढे नुसता पांढरा पडदा दिसत असणार. अशा वेळी त्याने आपल्याला पाहिलंच नाही असं धरून कडेला थांबावं. सायकलवर असताना सावली मागे पडली असेल, म्हणजे ऊन तुमच्या डोळ्यांवर असेल, तर तुमच्या मागून येणाऱ्यांच्याही डोळ्यांवर तेच ऊन आहे. दिवसासुद्धा मागचा लाल दिवा लावावा तो यासाठी.

आता तुमची सायकल. परवाच्या ट्रकचं सांगते, कारण तो प्रसंग नीट समजला नाही तर पुन्हा घडेल. लांब वाहन वळतं तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती कोपरा कापून आतून जातात. म्हणून चालक आधी ट्रक उलट बाजूला घेतो आणि मग वळवतो. मागून येणाऱ्या सायकलवाल्याला वाटतं, वा, जागा झाली, आणि तो त्या फटीत शिरतो. मग ती फट बंद व्हायला लागते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं असावं. उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकाला आपल्या अगदी पुढे, मागे आणि कुशीत काय आहे ते दिसत नाही, आरसे असले तरी. लंडनने 2021 पासून जड ट्रकना, चालकाला केबिनमधून बाहेरचं किती दिसतं ते पाहून दिलेला परवाना सक्तीचा केला, इतका तो प्रश्न मोठा आहे. तुमच्यासाठी नियम एकच. चौकाजवळ ट्रक, बस, टँकर यांच्या कडेला कधीही जायचं नाही, मग ते सिग्नलला थांबलेले असोत आणि शेजारी सायकलची रेघ आखलेली का असेना. मागेच थांबा. तुम्ही आधी थांबलेल्या आहात आणि ट्रक येऊन तुमच्या शेजारी उभा राहिला, तर उतरा आणि फुटपाथवर चढा. कठडा असेल तर सायकल तिथेच टाका आणि बाहेर पडा. सायकल दुसरी मिळते.

ट्रकचा आरसा दिसत नसेल तर चालकाला तुम्ही दिसत नाही, हे बरोबर आहे. उलटं मात्र खरं नाही. आरसा दिसतोय म्हणजे त्याने पाहिलंच, असं नाही. मोटारीच्या चालकाशी नजरानजर झाली, या भरवशावरही पुढे जाऊ नका. डोळे एका जागेवरून दुसरीकडे झर्रकन जातात तेव्हा मधलं चित्र मेंदूपर्यंत पोचतच नाही. शिवाय काचेच्या कडेच्या जाड खांबाआड अख्खी सायकल मावते. तुम्ही आणि गाडी दोघंही एकाच चौकाकडे सारख्या ओघात येत असाल, तर तुम्ही त्या खांबाआड बराच वेळ तशाच झाकलेल्या राहू शकता. ‘अहो, दिसलीच नाही!’ असं धडकेनंतर चालक म्हणतो, तेव्हा तो दर वेळी खोटं बोलत नसतो. म्हणून डोळ्यांऐवजी गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघायची सवय लावा. चाक फिरायला लागलं, वळायला लागलं की गाडी निघाली. चाक खोटं बोलत नाही.

‘अगदी कडेला चिकटून चालवते’ हे तुम्ही सावधपणा म्हणून लिहिलंय, आणि नेमकं तेच मला खटकलं. कडेला खडी असते, गटाराच्या जाळ्या असतात, काचा असतात. तिथून चालवणाऱ्याला दर थोड्या अंतराने काहीतरी चुकवायला अचानक बाहेर यावं लागतं, आणि मागच्याला ते आधी कळत नाही. शिवाय तुम्ही जितक्या आक्रसून चालवाल, तितकं मागच्याला वाटतं की याच पट्ट्यातून आपण निसटून जाऊ. कडेपासून अर्धा ते एक मीटर आत, एका सरळ रेषेत चालवा. उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत आत-बाहेर करू नका. रस्ता इतका अरुंद असेल की सुरक्षित अंतर सोडून गाडी पुढे जाऊच शकत नाही, तर तेवढ्यापुरतं सरळ पट्ट्याच्या मधोमध चालवा आणि रस्ता रुंद झाला की बाजूला व्हा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या. हॉर्न वाजवणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. भीती न वाजवणाऱ्याची.

रेषा बदलायची झाली तर आधी मान वळवून मागे बघायचं, मग हात दाखवायचा, मग वळायचं. हात दाखवला म्हणजे वाट मिळाली असं नव्हे, पुन्हा एकदा बघून घ्यावं.

उभ्या गाड्यांच्या ओळीशेजारून जाताना त्यांच्या उघड्या दाराच्या रुंदीपेक्षा जास्त अंतर ठेवा, एक मीटरच्या वर. दार उघडायच्या आधी खुणा मिळतात. सीटच्या वर डोकं दिसतं, ब्रेकचा दिवा नुकताच विझलेला असतो, आत दिवा लागतो, आरशात कोणाचा तरी खांदा हलतो. दाराची कड हँडलला लागली तर पडायला होतं ते बाहेरच्या बाजूला, म्हणजे वाहतुकीत, आणि इजा बहुतेकदा तिथे होते. तुमच्या घरी गाडी असेल तर एक सवय सगळ्यांना लावाच. दार उघडायला दाराजवळचा हात न वापरता पलीकडचा वापरायचा. त्यामुळे खांदा आपोआप वळतो, नजर मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. नेदरलँड्समधली ही जुनी रीत ब्रिटनने 2022 मध्ये आपल्या रस्ते-नियमावलीत घातली.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल: मग सायकलही समोरून येणाऱ्या गाड्यांच्या कडेने का नको? कारण सायकलवाल्याला दोन पावलं बाजूला होता येत नाही. तुमचे ताशी 15 आणि गाडीचे 40 मिळून 55 च्या वेगाने तुम्ही एकमेकांवर येता. त्याच दिशेने जात असता तर फरक 25 चाच राहिला असता. आणि गल्लीतून बाहेर पडणारा चालक गाड्या ज्या बाजूने येतात तिकडे बघून निघतो, उलट्या बाजूने येणाऱ्या सायकलीकडे तो बघतच नाही. सायकल हातात धरून चालत असाल तरी व्हिएन्ना करार तुम्हाला वाहतुकीच्याच दिशेने चालायला सांगतो.

पावसात ओली पांढरी पट्टी आणि लोखंडी झाकणं घसरडी होतात, त्यांच्यावर ब्रेक लावू नका, वळू नका. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ओल्या चाकाचं पाणी निपटण्यातच पहिला क्षण जातो, म्हणून आधीपासून हलके दाबत चला. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. डबक्यातून जाऊ नका, त्याची खोली कोणाला ठाऊक? हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एखाद-दोन बोटं जाईल इतकाच सैल. एकदा जोराने आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये. कानात काही घालू नका. मोबाइलबद्दल तुम्हाला सांगायची गरज नसावी.

रस्ता ओलांडण्याविषयी पुन्हा सासऱ्यांसाठी. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं बऱ्याच ठिकाणी धरलेलं असतं. सत्तरीतली पुष्कळ माणसं यापेक्षा हळू चालतात. अमेरिकेने 2009 मध्ये आपलं मानक थोडं खाली आणलं ते यामुळेच. तेव्हा हिरवा आधीच चालू असेल तर त्यांनी तो सोडून द्यावा आणि पुढचा नवा हिरवा लागल्यावरच पाऊल टाकावं. मध्ये दुभाजक असेल तर रस्ता दोन वेगळ्या रस्त्यांसारखा, दोन टप्प्यांत ओलांडावा. आणि दोन-तीन पट्ट्यांचा रस्ता असेल तिथे एक भला माणूस गाडी थांबवून हाताने ‘या’ म्हणतो, तेव्हा सगळ्यात जास्त सावध व्हावं. त्याच्या थांबलेल्या गाडीआडून पलीकडच्या पट्ट्यातली गाडी येत असते, तिला आजोबा दिसत नाहीत आणि आजोबांना ती. थांबलेल्या गाडीच्या पुढच्या कडेला येऊन उभं राहायचं, डोकावायचं, मगच पुढचं पाऊल.

मुलाच्या बाबतीत मी चटकन हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. गाडी किती वेगाने येतेय हे आपण तिचं डोळ्यातलं चित्र किती भराभर मोठं होतंय त्यावरून ताडतो, आणि प्राथमिक शाळेच्या वयात ही जाण अजून कच्ची असते. जास्त वेगाची गाडी मुलांना जागेवरच उभी असल्यासारखी वाटू शकते. समजावून ती लवकर पक्की होत नाही. म्हणून त्याला ‘सावकाश जा’ म्हणण्यापेक्षा तपासून बघा. रिकाम्या मैदानात त्याला सरळ रेषेत चालवायला सांगा आणि मागून हाक मारून किती बोटं दाखवली ते विचारा. मान वळवून बोटं सांगताना सायकल रेषेबाहेर जात असेल, तर रस्त्यावर तो मागे बघेल तेव्हा गाडीपुढे जाईल. एका हाताने चालवत दुसरा हात दाखवता येतो का बघा. सांगितल्या जागी दोन्ही ब्रेक लावून थांबता येतं का बघा. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी सायकल घेतली असेल तर हे काहीच जमणार नाही. सीटवर बसून पाय टेकले पाहिजेत आणि ब्रेक बोटांत आले पाहिजेत.

हे जमलं की सुट्टीच्या दिवशी शाळेच्या रस्त्याने आधी पायी जा. कुठल्या फाटकातून गाडी मागे येते, कुठे झुडपाआड काही दिसत नाही, हे त्यालाच शोधायला सांगा आणि ‘आत्ता ओलांडू का?’ हा निर्णय प्रत्येक ठिकाणी त्याला तोंडाने बोलायला लावा. कुठे चुकतो ते तिथल्या तिथे कळेल. मग सायकलवर दोघं. तो पुढे आणि तुम्ही मागे, त्याच्यापेक्षा थोड्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे मागची गाडी तुम्हाला वळसा घालताना त्यालाही घालते. चौकात मात्र मागे राहू नका, शेजारी या. मोठा चौक असेल तर दोघांनीही उतरून, सायकली हातात धरून, पादचाऱ्यांच्या पट्ट्यावरून पलीकडे जा. तो कुरकुर करेल, ‘कोणी बघेल’ म्हणेल. तरी उतराच.